ऑइलचा लाल दिवा

नगरच्या व्हीआरडीईत लष्करी वाहनांच्या चाचण्या होतात. माझ्या जुन्या मारुती ८००ची परीक्षा एकाच लाल दिव्यावर. इंजिन चालू, तरी ऑइलचा दिवा जाईना.

‘सेन्सर गेलाय भाऊ. वायर काढू का? दिवा बंद होईल.’

होईल. मग इंजिन कोरडं पडलं तरी लागणार नाही. शिवाय सेन्सरच खोटा, हे कशावरून? तो काढून तिथे गेज लावायचं, ऑइलचा खरा दाब बघायचा, मग दोष द्यायचा. माणसांच्या बाबतीत आपण एवढंही करत नाही. तक्रार तपासण्याआधीच माणूस कटकट्या ठरतो.

गेजवर दाब ठीक निघाला. नवा सेन्सर बसला. आता चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा लागतो का ते बघतो. नाही लागला, तर गाडी काढणार नाही.