सुधारलेला हात कोणाच्या जबाबदारीचा?

जायकवाडीच्या डाव्या कालव्यानें आमच्या वडीगोद्रीकडे ऊस आला. उसाच्या मोळ्या वर्षानुवर्षें वाहनांत चढवितां चढवितां एखाद्या मजुराचा खांदा निकामी होतो. हात वर जात नाहीं. रात्रीं त्या कुशीवर निजवत नाहीं. खांद्याचा गोळा खोबणींत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा तुटून फार दिवस लोटले, म्हणजे ते स्नायू आखडतात, त्यांत चरबी भरते, आणि मग टांके घालूनही त्या जुळत नाहींत. अशा वेळीं शस्त्रवैद्य पाठीच्या रुंद स्नायूची कंडरा सोडवून खांद्याच्या माथ्यास बांधितात. स्वित्झर्लंडचे डॉक्टर गर्बर यांनीं ही रीत १९८८ सालीं प्रसिद्ध केली.

निरोगी स्नायूचें काम काढून दुसऱ्याच्या जागीं त्यास राबवावें, हें न्याय्य काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे: पाठीचे इतर स्नायू तें काम उचलतात. खरा अवघड प्रश्न निराळाच आहे.

वेल्लोर येथें डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या वांकड्या बोटांवर कंडरा बदलण्याची हीच विद्या चालविली. आपल्याकडे पुण्याजवळ कोंढवा येथें डॉक्टर नोशीर अंतिया यांनीं तसेंच काम केलें. वेल्लोरास बोटें सरळ झालीं. पण बरे झालेले कांहीं जण परत येऊन गाऱ्हाणें सांगूं लागले. वांकड्या हातावर भीक पडत असे, ती आतां पडेना. आणि पूर्वीचा रोग आठवून काम कोणी देईना. ही कृतघ्नता, असें प्रथम माझ्याही मनांत आलें. ब्रँड साहेबांनीं मात्र गाऱ्हाणें खरें मानलें, व १९५१ सालीं नवजीवन केंद्र काढून त्या हातांस लांकडी खेळणीं करावयास शिकविलें.

खांद्याचेंही तसेंच आहे. जो स्नायू जन्मभर हात खालीं व मागें ओढीत होता, त्यास आतां हात वर उचलावयास शिकावें लागतें. सुमारें सहा आठवडे हात आधारावर बांधलेला, त्यानंतर महिनेच्या महिने व्यायाम. पुष्कळांचें दुखणें कमी होतें, पण जड ओझ्याचें बळ बहुधा येत नाहीं. ऊसतोडींत नवराबायको मिळून एक कोयता. एकाचा हात बांधला कीं कोयता मोडला, आणि मुकादमाची उचल तर आधींच खर्च झालेली. मग तो मनुष्य तिसऱ्या महिन्यांतच पुन्हा मोळीखालीं जातो व बांधलेली कंडरा तुटते. दोष त्याचा म्हणावा, कीं त्याच्या शेजारीं राहणाऱ्या आपणां सर्वांचा?

त्या महिन्यांत त्याच्या घरीं ज्वारी कोण देणार, बसून करण्याजोगें काम कोण काढणार, आणि मुकादमाशीं बोलावयास त्याच्यासोबत कोण जाणार, हें शस्त्रक्रियेच्या दिवसाआधींच मंडळीनें ठरवावें.