सही करण्याआधी

१ जानेवारी १८६३. नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला आलेल्यांशी तासन्‌तास हस्तांदोलन करून अब्राहम लिंकन यांचा उजवा हात बधिर झाला होता. दुपारी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा समोर आला, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. अक्षर थरथरलं, तर अध्यक्ष कचरले असं लोक म्हणतील, ही धास्ती. हात सावरल्यावर त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

ते कचरले नव्हतेच, असं मात्र नाही. गुलामगिरी हा अन्याय आहे, याबद्दल त्यांच्या मनात कधीच संशय नव्हता. अडलं होतं ते त्याचं करायचं काय, इथे. जिथे ती आहे त्या राज्यांत हात घालणार नाही, अशी ग्वाही त्यांनी मार्च १८६१ मध्ये दिली होती. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटल्यावर त्यांच्याच सैन्यातल्या जनरल फ्रेमाँट यांनी मिसुरीतल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त केले, तर लिंकन यांनी ती मुक्ती मागे घ्यायला लावली. गुलामगिरी असलेलं केंटकी राज्य हातचं जाईल ही भीती होती. ऑगस्ट १८६२ मध्ये तर व्हाइट हाउसमध्ये बोलावलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना त्यांनी देशाबाहेर वस्ती करण्याचा सल्ला दिला. जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते!

मग लिंकन यांचं मन वळवलं कोणी? मे १८६१ मध्ये तीन गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातल्या, लिंकन यांच्या सैन्याच्या ताब्यातल्या फोर्ट मनरो किल्ल्यावर पोचले. तिथल्या जनरल बटलर यांनी त्यांना मालकाकडे धाडलं नाही; शत्रूचा जप्त माल म्हणून ठेवून घेतलं. शब्द मालाचा, पण वाट माणसांना सापडली. त्या वाटेने हजारो आले. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैन्यात लढले. देशासाठी रक्त सांडणाऱ्याला ‘देश सोड’ कोणत्या तोंडाने सांगणार? ११ एप्रिल १८६५ ला लिंकन यांनी अशा सैनिकांना मताधिकार मिळावा, असं जाहीर बोलून दाखवलं. ते ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, अध्यक्षाला नव्हे. सही एकाची असते. ती करायला लावणारे हात अनेक असतात, आणि त्यांतले कित्येक होडी वल्हवत आलेले असतात.