दोन घरांचा एक वैद्य

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यापाशी कधीकधी असे ज्ञान येऊन पडते, की त्याचा धनी कोण हे ठरविण्यास त्याचे सारे वैद्यकशास्त्र अपुरे पडावे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पूर्व विदर्भात फार दिवसांचा मुरलेला आहे. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण विकाराचे बीज एकेरी बाळगणारे असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो जडण्याचा संभव चारांत एक असतो. हे वाहकत्व तपासणीत कळते आणि दप्तरी नोंदले जाते. पुढे धानाची मळणी आटोपून सोयरिकी सुरू झाल्या, आणि जुळू घातलेल्या दोन्ही घरांची दुखणीखुपणी हाच डॉक्टर पाहत असला, म्हणजे एका घरचे गुपित दुसऱ्यास सांगावे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शहरातील तज्ज्ञास हा पेच सहसा पडत नाही. त्याच्याकडे रोगी येतो, घर येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, अग्निसाक्ष शिष्यास केलेल्या उपदेशात, रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर नेऊ नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. इतकेच नव्हे, तर त्याचे आयुष्य खुंटल्याचे ठाऊक असूनही, जेथे ते बोलल्याने त्याचा वा दुसऱ्या कोणाचा घात होईल तेथे ते बोलू नये, असेही बजावले आहे. परंतु येथे घात व्हायचा तो मौनाने, आणि ज्याचा व्हायचा ते मूल अद्याप जन्मासही आलेले नाही. त्याची वकिली कोणी करावी?

माझ्या मते वैद्याने हा अखत्यार स्वतःकडे घेऊ नये. एक गुपित फुटले, की त्या गावात रक्त देण्यास पुन्हा कोणी दंडाची बाही वर करणार नाही. त्याने वाहकासच बोलते करावे. आणि हे काम उपचाराहून अवघड आहे. आनुवंशिकतेचे गणित विद्यार्थी पहिल्याच वर्षी घोकतो, पण रोग्याशी कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आले ते 2019 साली. केसपेपरच्या पाठीवर चार चौकोन काढून दाखविले, तरी पहिले मूल आजारी निघालेली आई म्हणते, "मग पुढचे तीन सुटले ना, डॉक्टरसाहेब?" तेव्हा दर खेपेस तोच संभव नव्याने उभा राहतो, हे तिला सांगावे लागते.

शेजारी बसलेली आजी मात्र "मागच्या जन्माचं पाप आहे बापा" म्हणून मोकळी होते. तिच्याशी कर्मविपाकावर वाद घालण्यात हशील नाही. तथापि ज्या एकेरी बीजाला ती पाप म्हणते, ते बाळगणाऱ्यास घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, आणि या रानावनात हिवतापाचा वावर पुरातन आहे; तेव्हा तिचे पूर्वज जगले ते कदाचित याच बीजामुळे, एवढे तिला जरूर सांगावे. लाज ओसरली, तर माणूस आपण होऊन बोलतो.

म्हणूनच ही तपासणी शाळेत असतानाच उरकावी, असे मला वाटते. पाहुणे बैठकीत येऊन बसल्यावर बाहेर काढलेले कार्ड नकाराचा कागद ठरते, आणि तो नकार बहुधा मुलीच्याच पदरी येतो.