हजेरीपटाबाहेरची मुलं

2020 च्या पावसाळ्यात कॉलेजं बंद होती आणि तास मोबाइलवर चालू होते. कराडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राचे सर रोज सकाळी दहाला लिंक टाकायचे. पटावर साठ मुलं, पडद्यावर जेमतेम वीस. पोरांना शिकायचंच नाही, असं सरांनी धरून टाकलं आणि ग्रुपवर बजावलं, ‘पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.’

रात्री पाटणच्या डोंगरातल्या एका मुलीचा मेसेज आला. ‘सर, रेंज फक्त सड्यावर मिळते. चढायला पाऊण तास लागतो. आज धुकं फार होतं, आईने सोडलं नाही. हजेरी कशी भरून काढू?’

पाठोपाठ हॉस्टेल सोडून जतला घरी गेलेल्या मुलाचा. त्याच्याकडे रेंज होती. पण घरात फोन एकच, आणि तो दिवसभर दुधाच्या गाडीवर असणाऱ्या वडिलांच्या खिशात. हजेरीपटात या दोघांपुढे सारखीच फुली. या फुलीचा मला राग येतो.

सरांनी हे शेजारच्या काकांना सांगितलं. काका कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या ‘रयत शिक्षण संस्थे’तून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अण्णांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तेव्हा पोरं काय आपणहून आली होती? गावोगाव फिरून आणली त्यांनी.”

सर त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी त्यांनी स्लाइड्स बाजूला सारल्या आणि दहा मिनिटांचा धडा नुसत्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. जेव्हा रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्या, वहीत उत्तर लिहा, रविवारपर्यंत फोटो पाठवा. “तास घेतल्याचा पुरावा काय? स्क्रीनशॉट कुठाय?” सहकाऱ्यांनी विचारलं. सर म्हणाले, “वह्यांचे फोटो लावतो फाइलला.”

पहिल्या रविवारी अकरा वह्या आल्या, मग वाढत गेल्या. जतच्या मुलाची रात्री साडेनऊनंतर यायची. पाटणच्या मुलीने उत्तराखाली प्रश्न लिहिला होता: ‘पावसात लाइट गेली की आमच्याकडे मेणबत्ती महाग होते, तरी लोक जास्तच घेतात. मग मागणीचा नियम मोडतो का?’

पुढचा धडा सरांनी त्या मेणबत्तीपासूनच सुरू केला.