दाणे, दया आणि दंड

सिंगापूरला हिवाळा नसतो, पण हिवाळ्याची सुट्टी मात्र असते! नोव्हेंबरच्या मध्यावर स्थानिक शाळांना जी सुट्टी लागते ती थेट नव्या वर्षापर्यंत चालते. बाहेर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो, पारा तेवीस-चोवीसच्या खाली उतरायला तयार नसतो, आणि या दिवसांत आपल्या मराठी घरांचे सरळ दोन गट पडतात. एक गट तिकिटे काढून लग्नसराई आणि हुरड्याच्या ओढीने पुण्या-मुंबईला पळतो. दुसऱ्या गटाकडे तिकडून आजी-आजोबा येतात. येताना भाजणी, मेतकूट आणि वजनात बसेल तेवढे सगळे घेऊन येतात.

या दुसऱ्या गटातल्या यजमानांपुढे एक नेहमीचा प्रश्न असतो. मर्लायन झाला, सेंटोसा झाले, मुस्तफात दोन चकरा झाल्या. आता पुढे काय? अशा वेळी या शहराचे तलाव मदतीला येतात. मॅकरिची, लोअर पीअर्स, अप्पर सेलेटार. तिकीट नाही, रांग नाही, आणि झाडी अशी की कोकणातल्या माणसालाही घरी आल्यासारखे वाटावे. त्यातला मॅकरिची सर्वांत जुना, 1868 च्या सुमारास बांधलेला. जेम्स मॅकरिची या नगरपालिकेच्या अभियंत्याचे नाव त्याला 1922 साली मिळाले. भोवतीच्या जंगलात 2004 पासून अडीचशे मीटर लांबीचा झुलता पूल आहे. पाण्याकाठी घोरपड ऊन खात पडलेली दिसते, नशीब असेल तर समुद्रगरुड घिरट्या घालताना दिसतो, आणि नशीब असो वा नसो, लांब शेपटीची माकडे तर दिसतातच.

या माकडांवरूनच आमच्या घरात जो वाद झाला, तो आपल्यापुढे मांडावा म्हणून हा लेखप्रपंच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गेल्या डिसेंबरात आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर त्यांनी जेवायला बसण्यापूर्वी कावळ्याला घास ठेवला आहे. मॅकरिचीला निघताना त्यांनी सवयीने पोळीचे तुकडे आणि मूठभर शेंगदाणे पिशवीत घेतले होते. काठावर एक माकडीण पोटाशी पिल्लू धरून बसली होती. अण्णांचा हात पिशवीकडे गेला, आणि माझी दहा वर्षांची मुलगी ओरडली, "आजोबा, नको! फाइन होईल!"

अण्णांनी हात मागे घेतला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना मात्र मला म्हणाले, "अरे, कायदा तुमचा, पाळायलाच हवा. पण मला एक सांग. उपाशी जिवाला घास दिला तर दंड, हे तू पोरीला कोणत्या तोंडाने शिकवणार?"

मंडळी, प्रश्न साधा नाही. कायद्याचे उत्तर सोपे आहे. 1 जून 2020 पासून इथे वन्य प्राण्यांना खाऊ घालणे संपूर्ण बेटावर गुन्हा ठरले आहे. पहिल्या वेळी पाच हजार डॉलरपर्यंत दंड, पुन्हा केल्यास दहा हजारांपर्यंत. पण अण्णांनी कायदा विचारलाच नव्हता. त्यांनी विचारले होते ते पाप-पुण्याचे. कायदा काय करू नये ते सांगतो. ते का वाईट आहे हे आपले आपल्याला शोधावे लागते. आणि माझ्या मुलीला दंडाचा आकडा तेवढा पाठ असेल, तर उद्या माथेरानला, जिथे तिला अडवणारे कोणी नाही, ती पहिला वेफर माकडालाच देईल. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर माणसे सीगलना कुरकुरे भरवतात, त्यांत तीही हात पुढे करील. भीतीने शिकलेली नीती भीतीच्या हद्दीपर्यंतच चालते.

तेव्हा मी अण्णांना कायदा बाजूला ठेवून उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

पहिला मुद्दा असा, की ते माकड उपाशी नव्हते. ही माकडे फळे, पाने, किडे, खेकडे खाऊन जगतात. फळांच्या बिया ती रानभर पसरवतात, म्हणजे खाता खाता जंगलाची पेरणीही करतात. माणसाच्या हातून खाणे सुरू झाले की त्यांच्या डोक्यात एक समीकरण बसते: माणूस म्हणजे खाणे, प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाणे. मग ती रस्त्याच्या कडेला येऊन बसतात आणि गाड्यांखाली सापडतात. पिशव्या हिसकावतात, घरांत शिरतात. लोक तक्रारी करतात, आणि शेवटी पिंजरा लागतो तो माकडासाठी. शेंगदाणे देणारा केव्हाच घरी जाऊन झोपलेला असतो.

आमच्या संगणकाच्या धंद्यात नव्या पोरांना एक गोष्ट आधी बजावतात. चालू सिस्टिममध्ये, ती कशी चालते हे कळल्याशिवाय हात घालू नका. हेतू कितीही चांगला असो. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा हेतू कोणी विचारत नाही. जंगल ही तर लाखो वर्षे चाललेली सिस्टिम!

अण्णांना हे पटले नाही. ते म्हणाले, "नाथांनी रामेश्वराची कावड गाढवाच्या तोंडात ओतली, तेव्हा त्यांनी सिस्टिमचा अभ्यास केला होता का?"

मला वाटते, केला होता. त्या कथेतले गाढव तहानेने तडफडत होते. वाळवंट तापले होते, आणि गाढव हा माणसाळवलेला प्राणी. माणसाने राबवलेला आणि सोडून दिलेला. त्याची गरज खरी होती, ती भागवणारे दुसरे कोणी नव्हते, आणि नाथांनी जे दिले ते स्वतःच्या यात्रेचे सगळे फळ होते. शिबी राजाची गोष्ट घ्या. कबुतराला वाचवायचे, पण ससाण्यालाही उपाशी ठेवायचे नाही, म्हणून राजाने स्वतःच्या मांड्यांचे मांस तराजूत टाकले. या दोन्ही कथांत दयेची किंमत दया करणाऱ्याने मोजली आहे. काठावर फेकलेल्या शेंगदाण्यांची किंमत मात्र माकड मोजते, आणि समाधान आपल्या पदरात पडते. हा व्यवहार उलटा आहे.

आता अण्णांची बाजूही पुरी सांगायला हवी, कारण ती दुबळी नाही. ते म्हणाले, "घास काढून ठेवण्यात कावळ्याचं पोट किती भरतं रे? तो घास माझ्यासाठी असतो. ताटातलं सगळं आपलं नाही, हे रोज एकदा आठवावं म्हणून. तुमच्या पोरांना ते आठवायला काय ठेवलंय तुम्ही? आणि दुसरं, आधी जंगल तुम्ही घ्यायचं, आणि मग त्या जनावराला 'देऊ नका' अशी पाटी लावायची, हा कुठला न्याय?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला गप्प केले. एकोणिसाव्या शतकात गांबियर आणि मिरीच्या मळ्यांसाठी या बेटावरचे बहुतेक मूळ रान तोडले गेले. उरले ते बरेचसे या तलावांच्या भोवती, आणि तेही शहराला पाणी हवे होते म्हणून. आपल्याकडची गोष्ट फार वेगळी नाही. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले, गावेच्या गावे पाण्याखाली गेली, माणसे उठली. त्याच पाण्यावर आता हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी येतात आणि आपण सुट्टीत पुण्याहून गाडी काढून ते बघायला जातो. कुठल्याही तलावाकाठी आपण बसतो तेव्हा कोणाच्या तरी जागेवर बसलेलो असतो. ऋण आहे, हे अण्णांचे म्हणणे खरे.

पण ऋण ज्या नाण्यात घेतले त्याच नाण्यात फेडायला हवे. आपण जागा घेतली. शेंगदाण्यांनी ती परत होत नाही. जागेचे ऋण जागेनेच फेडावे लागते, आणि याचे उदाहरण या शहरातच आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या सुंगेई बुलोला पूर्वी कोळंबीची तळी होती. तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात हे पक्षिप्रेमींच्या लक्षात आले, त्यांनी पाठपुरावा केला, आणि 1989 मध्ये सरकारने 87 हेक्टर जागा राखली. डिसेंबर 1993 मध्ये ती लोकांसाठी उघडली, आणि 2002 मध्ये विस्तारून तिला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुलाऊ उबिनवरच्या चेक जावाचीही तीच कथा. तिथे समुद्रात भराव टाकायचे ठरले होते. 2001 साली बातमी पसरली तसे लोक ओहोटीच्या वेळी नुसते बघायला गेले, पाहिले ते इतरांना सांगितले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो भराव पुढे ढकलला गेला. ज्या देशात चौरस फुटाचा भाव आपण सगळे रोज बोलतो, तिथे ही जागा सोडणे म्हणजे मांडीचे मांस तराजूत टाकण्यासारखेच आहे, असे मला वाटते.

तरीही 'आम्ही काही देत नाही, नुसते बघतो' म्हणून हात झटकता येत नाहीत. बघण्यातही घेणे असते. भिगवणला नावाडी सांगतो, "साहेब, इथूनच बघा," आणि नावेतला कोणी तरी म्हणतो, "अजून जवळ घे, उडताना फोटो हवाय." पाण्यात वाकडी चोच बुडवून शांतपणे चरणारा थवा उठतो, फोटो झकास येतो. त्या उड्डाणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला? ऑक्टोबर 2022 मध्ये गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, कुठेही न उतरता उडत गेला. हे पक्षी अंगातल्या चरबीवर उडतात. वाटेत जे उतरतात त्यांच्यासाठी चिखलातला प्रत्येक तास म्हणजे पुढच्या प्रवासाची शिदोरी भरण्याचा तास. सुंगेई बुलोला लाकडी आडोसे आहेत, त्यांच्या फटींतून बघायचे असते. पक्षी आपल्याला दिसावेत आणि आपण पक्ष्यांना दिसू नये, एवढीच त्यांची रचना. मी मुलीला एकच कसोटी सांगितली आहे: आपल्यामुळे त्या जिवाने हातातले काम सोडले, तर आपण फार जवळ गेलो.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हे मी कबूल करतो. गल्लीतल्या कुत्र्याला ती लावता येत नाही. त्याला आपणच आपल्यावर अवलंबून केले आहे, त्याला टाकणे म्हणजे जबाबदारी टाकणे. आणि 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा केवढा क्षोभ उसळला, ते आपण पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती, आणि विष्ठेने होणाऱ्या श्वसनाच्या आजाराची भीतीही खोटी नव्हती. माणसानेच वाढवलेल्या पक्ष्यांचे दाणे एका दिवसात बंद करणे हे दाणे टाकण्याइतकेच अविचाराचे होऊ शकते. रानातल्या माकडाचा न्याय तिथे जसाच्या तसा लागू होत नाही.

अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे अजून पुरते नाही. ताटातले सगळे आपले नाही, हे मुलांना रोज कशाने आठवावे? घास काढून ठेवणे ही फार जुनी आणि शहाणी युक्ती होती. ती इथे चालत नाही म्हणून तिच्यामागची जाणीवही गेली, तर नुकसान माकडाचे नसून आपले आहे. आमच्या घरी सध्या एवढेच ठरले आहे की बाहेरच्या जेवणाचा एक बेत दर महिन्याला रद्द करायचा आणि ते पैसे एखाद्या अन्नदानाच्या कामाला द्यायचे. अण्णांचा त्यावर शेरा आहे, "बँकेतून दिलेला घास हाताला लागत नाही." तेही खरेच.

वाचकहो, या डिसेंबरात तुम्हीही मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन कुठल्या ना कुठल्या तलावावर जाल. एक दुर्बीण जरूर न्या, छत्री विसरू नका, खाऊ पिशवीच्या तळाशी झाकून ठेवा. आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून मुलांना सांगा, का द्यायचे नाही ते. आजोबांनाही विचारा, ते का द्यायचे. दंडाचा आकडा तिथे पाटीवर लिहिलेला असतोच.