वसुली

रॅगिंगच्या समर्थनार्थ जे काही बोललं जातं, त्यात ‘अहो, गंमत होती’ हे सगळ्यात दुबळं. ते चौकशी समितीपुढे म्हणायचं असतं. म्हणणाऱ्यालाही ते पटलेलं नसतं. खरा जोर असतो तो दुसऱ्या वाक्यात : ‘आम्हीही सोसलंय.’ वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोन वाजता हे वाक्य उच्चारलं जातं, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात आपण अन्याय करतोय असं मुळीच नसतं. तो आपलं येणं वसूल करत असतो. हिंसा करणारा स्वतःला न्यायी समजत असेल तर त्याला नुसतं दुष्ट म्हणून काही हाती लागत नाही. त्याचा हिशेबच तपासावा लागतो.

हिशेब असा. गेल्या वर्षी सीनियरांनी मला मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं केलं, माझ्याकडून जर्नल्स लिहून घेतली, आईवरून शिव्या दिल्या, एकदा थोबाडीतही मारली. यंदा मी दुसऱ्या वर्षाला आहे. ज्यांनी हे केलं ते माझ्याही पुढे आहेत, त्यांच्या वाटेला जाण्याची माझी छाती नाही. मग आता जो नवा आलाय त्याच्याकडून घ्यायचं. एखाद्या वाण्याने असं केलं, एकाने बुडवलेली उधारी दुकानात आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल केली, तर आपण त्याला वेडा म्हणू, नाहीतर लुटारू. वसतिगृहात याला परंपरा म्हणतात.

या हिशेबाला आपल्या म्हणींनीही हातभार लावलाय. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे आपण पोरांना लहानपणापासून ऐकवतो आणि कष्टांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण टाकी ज्याच्या हातात असते त्याला दगडातली मूर्ती दिसत असते. कुठे थांबायचं ते त्याला कळतं. रात्री दोन वाजता ज्याच्या हातात पट्टा आहे, त्याला समोरच्या मुलात काय दिसतं? शिवाय मूर्ती झालेला दगड उठून शेजारच्या दगडावर टाकी चालवत नाही. दुसरी म्हण सासू-सुनेच्या चार-चार दिवसांची. तिच्यात पाळीपाळीचा समतोल आहे असं वाटतं. पण सुनेचे दिवस येतात ते बहुतेक पुढच्या सुनेवर. सासूचं काय बिघडलं?

पाळीचा युक्तिवाद आणखी एका ठिकाणी कोसळतो. सगळ्यांनाच सोसावं लागतं आणि सगळ्यांचीच पाळी येते, हे गृहीतच खोटं आहे. ‘इंट्रो’मध्ये आडनाव आणि प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारतात, तेव्हा पुष्कळदा जात विचारलेली असते. दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, तिचा अहवाल २००७चा. छळ आणि अपमान टाळण्यासाठी ही मुलं वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटत गेली, हे त्यातून पुढे आलं. अशा मुलांसाठी दुसरं वर्ष येतं, तिसरंही येतं; आडनाव तेच राहतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. १९९६ साली चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाचा खून झाला आणि १९९७मध्ये तमिळनाडूने कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९चा : दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. तक्रारीकडे काणाडोळा करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही तो अपराधाला चिथावणी देणारा मानतो. हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं आणि ते वापरलेलं क्वचितच ऐकू येतं. २००९च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीनंतर दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले : हेल्पलाइन, पथकं, प्रतिज्ञापत्रं. तरीही २०२३ साली जादवपूर, २०२४ साली वायनाडचं पशुवैद्यक महाविद्यालय. दोन्हीकडे वसतिगृहात एकेक मुलगा गेला आणि रॅगिंगच्या आरोपांवरून अटका झाल्या.

नियम नव्याला सांगतात : तक्रार कर. जुन्याला सांगतात : याद राख. या दोघांच्या मधला जो आहे, कालपर्यंत नवा असलेला आणि उद्यापासून जुना होणारा, त्याच्याशी कोणी बोलतच नाही. खरं तर साखळी तुटली तर त्याच्याच हातून तुटेल. नवी तुकडी येण्याआधीच्या काही आठवड्यांत तो मनातल्या मनात ठरवत असतो.

त्याला काय सांगायचं? त्याचं येणं खोटं आहे असं सांगता येणार नाही. त्याला मार बसला आहे, त्याची लाज घेतली गेली आहे. फक्त ते येणं नव्या मुलाकडे नाही. काही त्या सीनियरांकडे आहे, आणि बरंचसं महाविद्यालयाकडे : रात्री उशिरापर्यंत दिवा जळत होता तो न पाहिलेल्या रेक्टरकडे, ‘जरा सांभाळून घे’ म्हणालेल्या प्राध्यापकाकडे. गेल्या वर्षी कोणी त्याला नीट विचारलं असतं, ऐकलं असतं, मारणाऱ्याला जाब विचारला असता, तर त्याच्या वहीत बाकी कमी राहिली असती. संस्थेने थकवलेलं देणं मुलं एकमेकांकडून वसूल करत राहतात.

आणि संस्थेने नाहीच फेडलं तर? तरीही त्याने वसूल करू नये, असंच मला म्हणावं लागतं. पण हे म्हणताना त्याला त्यागाबिगाच्या गोष्टी ऐकवू नयेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण तोटा पदरात घ्यायला सांगतो आहोत. बरोबरीचे त्याला भित्रा म्हणतील, आणि भरपाई म्हणून त्याला काही मिळणार नाही. तो तोटा आहे हे निदान मान्य करावं.

त्या प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याला आणि पालकांना दर वर्षी सही करावी लागते. मी रॅगिंग करणार नाही, असं त्यात लिहून घेतात. दुसऱ्या वर्षाचा मुलगाही ते भरतो. गेल्या वर्षी तुझ्यावर काय गुदरलं, हे विचारणारी ओळ त्यात नाही.