रक्त एकट्याचं नसतं

गुन्हा घडून तीस-चाळीस वर्षं होतात. साक्षीदार थकतात, फाईल कपाटात जाते. मग एक दिवस गुन्हेगार सापडतो, आणि तोही त्यानं कधी पाहिली नसेल अशा एखाद्या लांबच्या बहिणीमुळं. तिनं आपले पूर्वज कुठले हे कळावं म्हणून नळीत थोडी लाळ घालून पाठवलेली असते, एवढंच. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो असाच सापडला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेरा खून आणि कितीतरी बलात्कार करणारा हा माणूस एके काळी स्वतः पोलीस होता.

यात जादू काही नाही. गुन्ह्याच्या जागी मिळालेला डीएनए जीईडीमॅचसारख्या संग्रहाशी ताडून पाहतात. तिथं लोकांनी नातेवाईक शोधायला आपणहून माहिती ठेवलेली असते. खापरपणजोबा एक असलेली दोन भावंडं घेतली, तरी त्यांच्यात शंभरातला जेमतेम एक भाग सारखा निघतो. पण तेवढा धागा पुरतो. तिथून जनगणना, लग्नाच्या नोंदी, मृत्यूच्या बातम्या धुंडाळत वंशवृक्ष मांडायचा आणि फांदी-फांदीनं खाली यायचं. आपल्याकडच्या कुळवृत्तांतात लेकीबाळींची नावं गळतात, सासरी गेली की तिची रेघ संपली! डीएनए असा भेद करत नाही. आईकडची रेघ तो बापाकडच्याइतकीच चोख सांगतो.

मग वाईट काय आहे यात? बस्तीतून परतताना आमच्यात हा विषय निघाला, तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “आपलं काही चुकलं नाही, तर भ्यायचं कशाला?” बहुतेकींचं मत हेच असेल. पण याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. एकाच खटल्यात याच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तोच सांगते.

१९९६ साली आयडाहो फॉल्स या गावात अँजी डॉज ही अठरा वर्षांची मुलगी आपल्या खोलीत मारली गेली. ख्रिस्तोफर टॅप नावाच्या तरुणाची पोलिसांनी पुनःपुन्हा चौकशी केली आणि शेवटी त्यानं कबुली दिली. डीएनए त्याचा नव्हता, तरी १९९८ मध्ये तो दोषी ठरला. पुढं अँजीच्या आईनं त्या चौकशीच्या टेपा स्वतः बसून पाहिल्या. या मुलानं माझ्या लेकीला मारलेलं नाही, अशी तिची खात्री झाली. मग ती बाई त्याच्यासाठी झगडू लागली. मुलीच्या खुनासाठी आत गेलेल्याच्या बाजूनं उभं राहायचं! लोकांनी एक गुन्हेगार हाती दिला होता, तिला सत्य हवं होतं. टॅप २०१७ मध्ये सुटला, पण खुनाचा डाग राहिलाच. मे २०१९ मध्ये वंशावळीच्या वाटेनं खरा माणूस सापडला. तो तेव्हा समोरच राहायचा. त्यानं फेकलेल्या सिगारेटच्या थोटकानं खात्री पटवली. जुलैमध्ये टॅप निर्दोष ठरला.

आता याच खटल्याची दुसरी बाजू. २०१४ मध्ये पोलिसांनी अशाच एका संग्रहात शोध घेतला होता. एका गृहस्थानं पूर्वी वंशशास्त्राच्या कामासाठी दिलेला नमुना थोडा जुळला. त्याचा मुलगा न्यू ऑर्लिन्सला चित्रपट करायचा. संशय त्याच्यावर गेला. त्याचा नमुना घेतला, आणि जवळजवळ महिनाभर तो खुनाच्या संशयाखाली राहिला. त्याचा काही संबंध नव्हता. बापानं चांगल्या मनानं दिलेलं मुलाच्या दारात पोलीस होऊन आलं.

इथं मला आपल्या व्रतांतला एक शब्द आठवतो, अदत्तादान. जे दिलेलं नाही ते घेणं. चोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पैसा-दागिना येतो; पण व्रताचा अर्थ त्याहून मोठा आहे. माझी लाळ माझी, हे खरं. तिच्यातली माहिती मात्र भावाची, मावसबहिणीची, अजून न जन्मलेल्या नातवाचीही आहे. ती मी देते तेव्हा त्यांनी न दिलेलंही देऊन टाकते. २०१८ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका अभ्यासानं दाखवलं की, सुमारे तेरा लाखांच्या संग्रहात युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी साठ टक्के लोकांचा असा नातेवाईक सापडू शकतो. स्वतः काही न देताच ते त्यात आले!

शिवाय झाड मांडताना फक्त खुनी सापडत नाही. कुणा बाईनं लग्नाआधी जन्म देऊन दत्तक दिलेलं मूल सापडतं, नवऱ्यालाही न सांगितलेलं काही सापडतं. तिचा गुन्हा काय? “आपलं काही चुकलं नाही” म्हणणाऱ्या आक्कांना मी हेच म्हणाले. झाकलेली प्रत्येक गोष्ट पाप नसते. कधी ते कुणाचं जगणं सावरलेलं असतं.

तर मग हे बंदच करावं का? अँजीच्या आईकडं पाहिलं की मला तसं म्हणवत नाही. माझ्या रक्तानं एखादा निरपराध सुटणार असेल, तर गप्प राहण्यातही हिंसा आहे. माझ्यापुरतं उत्तर असं: द्यावं, पण हे माझं एकटीचं नाही हे ओळखून. घरात सांगावं, विचारावं. सगळ्या नातेवाइकांना विचारणं शक्य नाही, म्हणून त्यांच्या वतीनं विचारणारं कुणीतरी हवं. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यानं २०२१ मध्ये कायदा करून अशा शोधाला न्यायाधीशाची परवानगी लावली, मला ते पटतं. खून-बलात्कारासारखा गुन्हा असावा, बाकी वाटा संपलेल्या असाव्यात.

आपली कितीतरी मुलं तिकडं आहेत, आणि असे संच तिथं हौसेनं भेट म्हणून दिले जातात. उद्या लेक फोनवर म्हणाली, “आई, मी पाठवतेय बघ नमुना,” तर नको म्हणू नका. एवढंच विचारा, “कुणाकुणाचा पाठवतेयस, बाळ?”